धम्मपालचा आगाऊ सत्कार

धम्मपाल आमच्या शाळेत क्लार्क. राहतो महाडला, मूळचा तुडीलचा. दाखले आणि पगारपत्रकं सोडून तो दुसरं काही लिहील असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यामुळे तो कादंबरी लिहितोय म्हटल्यावर मी हसलो. मग त्याने पहिली प्रकरणं वाचायला दिली. त्याच्या मावशीची, सुंदराबाईची हकिगत होती ती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातलं सासर, दारुड्या नवऱ्याचा मार, आणि एका पहाटे तान्ही मुलगी घेऊन तिने सोडलेलं घर. गड्याला खरंच लिहिता येत होतं.

घात केला महिपतीने. हा गावच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष; मनाचा चांगला, पण माईक हातात आला की आवरत नाही. चहा पिताना धम्मपाल त्याला सहज म्हणाला, "एक कादंबरी चाललीय." झालं! जयंतीच्या मंडपात 'सुप्रसिद्ध कादंबरीकार' असा फ्लेक्स, शाल, पुष्पगुच्छ, टाळ्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा बिचारा गप्प होता, बाशिंग गावानेच बांधलं.

तेव्हापासून लिहिणं थांबलं. भेटेल तो विचारायचा, "पुस्तक कधी?" हा सांगायचा, "छपाईला गेलंय." संध्याकाळी वही उघडून बसायचा, पण डोक्यात मुखपृष्ठ कसं असावं आणि प्रकाशनाला कुणाला बोलवावं, एवढंच. त्याची मुलगी साक्षी त्याला 'रोज एक पान लिहा' सांगणारे व्हिडिओ पाठवायची. ते मात्र तो नेमाने बघायचा. शेवटी त्याने लिहिलं काय, तर मनोगत! कुणाकुणाचे आभार मानायचे याच्यावर तीनदा खाडाखोड झाली. मला राग यायचा आणि कीवही यायची. टाळ्या आधीच पदरात पडल्या होत्या, आता राबायचं कशासाठी? त्यालाही ते कळत होतं. "माझ्याच्याने आता होत नाही रे," एकदा मधल्या सुट्टीत म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

एका रविवारी त्याच्याबरोबर मी तुडीलला गेलो. सुंदराबाई आता चांगलीच थकलेली. आम्हाला पाणी दिलं आणि पहिलं तिने तेच विचारलं.

"माजी गोष्ट कुठवर आली रे?"

"मनोगत पुरं झालं, मावशी. वाचून दाखवू?"

"त्ये जाऊ दे. मी कुठं हाय?"

धम्मपाल खाली बघत म्हणाला, "पोलादपूरच्या स्टँडवर. गाडीची वाट बघतेयस."

"आजून? गेल्या सालीपण मी तिथंच व्हते ना?"

म्हातारी भिंतीला धरून उभी राहिली.

"पोर कडेवर घेऊन वरीसभर उभी ठेवलीस मला? पाठनं ती मानसं शोधत येतील ना रे! गाडीत बसव मला."

"घरी गेलो की बसवतो."

"नाय. आता बसव."

मनोगत वाचायला आणलेली वही त्याने पिशवीतून काढली आणि तिथेच उंबऱ्याशी बसून लिहायला लागला. "मावशी, बसा तुम्ही," मी म्हणालो. तिने ऐकलं नाही. अंगणातलं ऊन सरकलं, चहा निवला. धम्मपाल लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. मग घसा खाकरून त्याने वाचलं: गाडी आली, कंडक्टरने आधी मुलीला वर घेतलं, मग आईला हात दिला, दार लागलं, पोलादपूर मागे पडलं.

तेव्हा कुठे सुंदराबाई खाली बसली.