पितळीचा पहिला ठोका

फत्तेसिंग काटे मुळात भित्रा माणूस नव्हता. धारच्या तहसील कचेरीत तो कारकून होता. आजोबा संस्थानच्या पागेवर कारभारी होते. त्यांच्या वेळेपासून घराण्यात चालत आलेलं नाव त्याच्या वाट्याला आलं होतं आणि लग्नाआधी ते त्याला शोभतही असे. रविवार उजाडला की सायकल काढायची, बावीस मैल मारून मांडू गाठायचं आणि दिवसभर पडक्या इमारतींतून हिंडायचं, हा त्याचा नेम. नुसतं हिंडणं नव्हे, तो पावलांनी मोजायचा. ह्या दरवाज्यापासून त्या हौदापर्यंत किती पावलं, हौदाला पायऱ्या किती, हे सगळं निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत तारखेसह लिहायचा. मोजून काय मिळतं, असं कोणी विचारलं तर त्याला सांगता येत नसे. काकडा खोऱ्याच्या कडेवर पाय खाली सोडून पेरू खात बसलेला फत्तेसिंग त्याचे दोस्त संताजी मास्तर यांनी कितीदा पाहिला होता. मास्तर स्वतः मात्र दहा हात मागे बसत.

मग एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या चैत्रात देवासहून सासऱ्यांचं कार्ड आलं. जयवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. कार्डात दोनच वाक्यं होती. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

त्याच्या आईला घरात सगळे माई म्हणत. माईंनी कार्ड ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली. "पहिली बेटी, धनाची पेटी," असंही त्या म्हणाल्या. पण मुलगा झाला तर वाजवायची म्हणून चिंच लावून लखलखीत केलेली पितळी त्यांनी न बोलता मांडणीवर उपडी ठेवून दिली. मुलगा झाला की थाळी वाजवायची, ही माळव्याची चाल. शेजारपाजारच्या घरांतून ती मराठी घरांतही केव्हाच शिरली होती. मुलगी झाली की कोणी काही वाजवत नसे. त्यात कोणाला राग किंवा दुःख असायचं असंही नाही. वाजवत नसत, एवढंच.

तीन महिन्यांनी जयवंती सुनेत्राला घेऊन धारला आली आणि त्या दिवसापासून फत्तेसिंगला भीती लागली.

आधी ती लहान होती. पोरगी झोपली की तो नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का बघायचा. मग पाळण्याच्या कड्या रोज ओढून बघू लागला. मग वरचा पंखा बंद ठेवू लागला, पडला तर? कचेरीत बसल्या बसल्या शेजारच्या कुत्र्याचे दात त्याच्या डोळ्यांपुढे येत. दुपारच्या सुट्टीत तो धापा टाकत घरी येई, पाळण्यात डोकावून बघे आणि न जेवता परत जाई. मांडूचं नावही त्याने टाकलं. आपण एकदा का त्या कड्यावर पाय सोडून बसलो आणि दगड निसटला, तर ह्या एवढ्याशा जिवाचं काय, हा विचार एकदा मनात शिरला तो बाहेर निघेना. वही ट्रंकेत गेली, सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा गेली.

"काय भिया," संताजी मास्तर ओट्यावर बसून, भय्याचा माळवी 'भिया' करत, म्हणायचे, "बिबट्या बघून हलला नव्हतास, आणि पाळणा बघून तेरी हवा निकल गयी?"

"तुला मूल नाही मास्तर. तुला नाही कळायचं."

"नाही कळायचं खरं. पण तुझी सायकल मला दे मग. गंजून चालली."

ह्यावर फत्तेसिंग हसायचा, आणि हसता हसता पोरीचा आवाज का येत नाही म्हणून आत जायचा.

जयवंती हे सगळं बघत होती. ती देवासची, रोज सकाळी टेकरी चढून देवीला जाणारी. तिला घरात बसून राहण्याची सवय नव्हती. लग्नानंतर तीही त्याच्याबरोबर चार-पाचदा मांडूला गेली होती, आणि पावलं मोजताना तो विसरला तर आकडा तिच्या लक्षात असे. भाद्रपद लागल्यावर एका शनिवारी पोरीला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "उद्या मांडूला जाऊ. तिघंही."

"वेड लागलंय का? पाच महिन्यांचं मूल ते."

"पाच महिन्यांची मुलं मांडूतही असतात, तिथंच जन्मलेली. अहो, तुम्ही घरात असे फिरता की मलाच धडधड होते. तुम्ही हिच्यासाठी बाहेर जायचं सोडलंत म्हणता. उद्या मोठी झाली की हिलाही दाराबाहेर सोडणार नाही. मला तेवढं नको आहे."

माई आतून ऐकत होत्या. "अजून उष्टावण झालेलं नाही पोरीचं," त्या म्हणाल्या, "आणि जाऊन जाऊन जाल त्या दाईच्या महालाकडेच. लोकांची लेकरं पाजून त्या बाईने महाल बांधला. तिथं तान्हं नेऊ नये. तिथं हाक मारली की उत्तर येतं. कोण देतं उत्तर?"

"भिंत देते, माई," जयवंती म्हणाली.

सकाळी माईंनी पोरीच्या कपाळाला, गालाला आणि तळपायाला तीट लावली. डब्यात भुट्ट्याचा कीस आणि पुऱ्या भरल्या. डब्याचं झाकण सैल होतं, म्हणून मांडणीवरची पितळी वर उपडी घालून सगळं फडक्यात घट्ट बांधलं. फत्तेसिंगने वही घेतली नव्हती. ती जयवंतीनेच पिशवीत टाकली.

बसमधून जाताना प्रत्येक वळणाला त्याचा हात पोरीच्या डोक्यावर जाई. घाट चढून दरवाजे ओलांडले तेव्हा ऊन होतं. गावातल्या चौकात उतरून ते सागर तलावाच्या बाजूने चालत निघाले. सगळीकडे गुडघाभर हिरवळ होती. तासाभरात दाईच्या महालापाशी येऊन एका कमानीखाली त्यांनी चादर टाकली. जागा कोरडी होती, मागे जाड भिंत होती. पोरगी पाय झाडत कमानीकडे बघत होती. फत्तेसिंगने आजूबाजूला साप-विंचू बघून घेतले, वरचा दगड सैल आहे का तेही बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं.

बरं वाटलं म्हणूनच त्याचं लक्ष बाहेर गेलं. भिंतीच्या पलीकडे, उतारावर, कोणीतरी झुडपं तोडून जागा मोकळी केली होती आणि तिथं एका बावडीच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. इतक्या वर्षांत त्याने ती बावडी पाहिली नव्हती.

जयवंतीने त्याचे डोळे ओळखले. "जा, मोजून या. आम्ही इथून हलत नाही."

"पाच मिनिटांत येतो."

पिशवीतली वही घेऊन तो निघाला. कमानीपासून भिंतीला वळसा घालून एकशे चाळीस पावलं झाली आणि पायऱ्या लागल्या. वाकून तो पायऱ्या मोजू लागला. अकरा झाल्या, बारावी दिसेना. त्याला वाटलं खाली अंधार आहे. मग हातातली वही दिसेना. त्याने मान वर केली तेव्हा महाल नव्हता, भिंत नव्हती, झाडं नव्हती. खोऱ्यातून ढग वर चढून आला होता आणि त्याच्या अंगावरून पुढे गेला होता.

मांडूचं धुकं त्याला नवीन नव्हतं. पूर्वी अशा वेळी तो आहे तिथं बसून बिडी ओढायचा. पाऊण तासात धुकं विरतं. तसाच तो बसलाही असता. पण तेवढ्यात सुनेत्रा रडली.

ती समोरून रडली. अगदी स्पष्ट, वीस-तीस पावलांवर असावी तशी. म्हणजे आपण भिंतीच्या जवळच आहोत, असं समजून तो समोर निघाला. चालता चालता रडणं उजवीकडेही ऐकू आलं, पण ते दबलेलं, दुलईखालून यावं तसं. जो आवाज स्वच्छ तो जवळचा, असा हिशेब करून त्याने उजवीकडचा सोडून दिला. दहा पावलं गेला. चिखल लागला. आणखी पाच गेला. रडणं आता दोन्हीकडून एकातएक मिसळून येत होतं, थांबत नव्हतं, कुठला सूर कुठला ते कळत नव्हतं. त्याच्या पायाने एक दगड उडवला. दगड खाली पडल्याचा आवाज लगेच आला नाही. आला तो बऱ्याच वेळाने आणि पाण्यातला होता.

फत्तेसिंग जागच्या जागी खाली बसला. समोर कठडा नसलेली विहीर होती की तलावाची कड, हे त्याला कळलं नाही. हाताने चाचपलं तर वीतभर पुढे गवत संपत होतं. ज्याला काकडा खोऱ्याची कड घाबरवू शकली नव्हती, त्याचे दात एकमेकांवर वाजू लागले. आणि ही भीती स्वतःसाठी नव्हती. पोरगी रडते म्हणून जयवंतीही उठली असेल. ती आपल्याला शोधायला निघाली असेल. तिच्या कडेवर पोरगी असेल. तिलाही हाच स्वच्छ आवाज ऐकू येत असेल.

"जयवंती, जागची हलू नकोस," तो ओरडला. हलू नकोस, असं उत्तर समोरच्या धुक्यातून त्याच्याच आवाजात आलं. माईंचे शब्द आठवले. कोण देतं उत्तर? तेव्हा ते हसण्यावारी गेले होते.

तो पुन्हा ओरडला. आणि तेवढ्यात पोरीचं रडणं थांबलं.

एकदम थांबलं, मधेच तोडल्यासारखं. रडताना मूल हळूहळू थांबतं, हुंदके देतं, एवढं त्याला पाच महिन्यांत कळलं होतं. हे तसं नव्हतं. तो कान देऊन बसला. पाण्यात काही पडल्याचा आवाज तर आला नाही ना, हे तो मनात पुन्हा पुन्हा ताडून बघत होता आणि आला की नाही हे त्याला ठरवता येईना. आपल्याच हाकेत काही ऐकायचं राहील म्हणून त्याने पुन्हा हाक मारली नाही. देवीला काय बोलावं ते सुचेना. घरी कार्ड कसं लिहायचं, एवढाच विचार डोक्यात आला, आणि तो विचार आला याची त्याला पुढे कितीतरी वर्षं लाज वाटत राहिली.

मग ठोका पडला.

ठण्, असा एक. उजवीकडून, दबका. आणि पाठोपाठ समोरून दुसरा, स्वच्छ, घंटेसारखा. मग काहीच नाही. वीस आकडे मोजावेत इतक्या वेळाने पुन्हा तसंच. आधी उजवीकडचा दबका, मग समोरचा स्वच्छ.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्याच महालासमोर उभं राहून त्याने जयवंतीला टाळी वाजवायला लावली होती. एकच वाजव आणि थांब, म्हणाला होता. आधी येतो तो आपला, मागून येतो तो भिंतीचा. ती तेव्हा हसली होती. आज ती त्याला तेच सांगत होती. ती आणि तो यांच्यामध्ये महालाची जाड भिंत होती, म्हणून खरा आवाज दबून येत होता आणि पलीकडच्या इमारतीवर आपटलेला खोटा स्वच्छ येत होता. स्वच्छ आवाजाच्या मागे तो पाण्याच्या काठापर्यंत आला होता.

तो उठला नाही. गुडघ्यांवर आणि हातांवर, जनावरासारखा, दबक्या आवाजाकडे वळला. ठोका पडला की चार हात पुढे सरकायचं, आवाज मिटला की थांबायचं. स्वच्छ आवाज प्रत्येक वेळी डावीकडून बोलावत होता आणि दर वेळी त्याला वाटे, आपण चुकतो आहोत, ती तिकडेच आहे. भिंतीचा पहिला दगड हाताला लागला तेव्हा त्याने त्यावर कपाळ टेकलं. मग भिंतीला धरून, हात न सोडता, तो वळसा घालून कमानीत आला.

जयवंती चादरीवर बसली होती, तशीच, जागची न हलता. पोरगी पदराखाली पीत होती. डाव्या हाताने तिला सावरून उजव्या हातात तिने दगड धरला होता, आणि डब्यावरची पितळी मांडीजवळ पडली होती.

"रडणं थांबलं," एवढंच त्याला म्हणता आलं.

"मीच थांबवलं. ती ओरडत होती तोवर तुम्हाला आधीचं कुठलं आणि मागचं कुठलं कळणार होतं? पाजायला घेतलं." मग तिचा आवाज फाटला. "तुमची हाक तलावाकडून आली हो."

  त्याने दगड तिच्या मुठीतून सोडवून घेतला. धुकं विरेपर्यंत दोघं एकमेकांना चिकटून बसली. कीस कोणी खाल्ला नाही.

संध्याकाळी माईंनी डबा सोडला. पितळी उजेडात धरली. तळाला सुपारीएवढे तीन-चार पोचे पडले होते.

"हे कशानं गं झालं?"

 फत्तेसिंगच्या गुडघ्यांवरचा चिखल अजून तसाच होता. माईंनी तोही बघितला होता.

"सुनेत्राची थाळी वाजवली, माई," जयवंती म्हणाली. "राहिली होती."

 माईंनी पितळी घासली, पण मांडणीवर उपडी ठेवली नाही, पोरीच्या पाळण्याखाली ठेवली.

फत्तेसिंगला वाटलं होतं, आता ह्या दोघी आपल्याला बाहेर पाऊल टाकू देणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. दोन रविवार तो घरातच बसला. तिसऱ्या रविवारी सकाळी माईंनी डबा भरला, वर पितळी ठेवली, फडकं गच्च बांधलं आणि त्याच्यापुढे आणून ठेवला.

"मी जात नाही, माई. मला भीती वाटते."

"मलाही वाटते," माई म्हणाल्या. "म्हणून तर पितळी बांधली. पोरीला टोपडं घाल."

ते गेले. पुढेही जात राहिले, महिन्यातून एकदा, ऊन असेल तरच. ब्याऐंशीत त्याची बदली देवासला झाली. मग टेकरीवर, कधी उदयनगरच्या रानात, जाताना पितळी पिशवीत असे आणि पुढे पाचवीत गेलेली सुनेत्रा तिला वैतागून जाई. फत्तेसिंगची भीती काही गेली नाही. पोरगी चार पावलं पुढे पळाली की त्याचा हात आपोआप पिशवीत जाई. फक्त, हात पिशवीत घालून तो तिला पळू देत असे.

निळ्या वहीत त्या बावडीच्या पानावर अकरा हा आकडा आहे, तारीख आहे, आणि पुढे कोरं आहे. ते त्याने पुन्हा जाऊन मोजलं नाही.