पेट्रोलचा धीर

गॅरेजच्या पाटीवर त्याचं खरं नाव होतं, पण त्या नावानं कोणी विचारत आलं तर शेजारचा टायरवालासुद्धा क्षणभर डोकं खाजवायचा. मग म्हणायचा, "अच्छा, कानसेन! असं सांगा ना."

हे नाव त्याला त्याच्या उस्तादानं दिलं होतं. तरुणपणी तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. व्हॉल्व्ह सैल आहे की बेअरिंग बोलतंय, हे तो असा सांगायचा की उस्ताद एकदा हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "गाणं काही तुला येणार नाही, पण तू कानसेन नक्की होणार." ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. वेगाच्या शौकिनांच्या जुन्या गाड्या लांबून लांबून त्याच्याकडे यायला लागल्या. नव्या गाड्यांना आता स्वतःचे कान असतात, इंजिनात काही वाजलं की त्या आपलं आपण सावरून घेतात. जुन्यांना मात्र माणसाचा कान लागतो.

गॅरेजच्या मागच्या अर्ध्या भागात त्याची बायको गाड्यांच्या सीट शिवायची. मधे नुसता प्लायवूडचा पडदा. अलीकडे इंजिनांचा गलका, पलीकडे जाड सुईच्या मशीनची खडखड, आणि मधूनच, "अहो, जरा रेडिओ बारीक करा, मला टाके दिसत नाहीयेत!" टाके रेडिओनं कसे दिसेनासे होतात, हे त्यानं कधी विचारलं नाही. संसार इतका जुना झाला की काही गोष्टी मुकाट्यानं मान्य कराव्यात, एवढं त्याला कळत होतं.

त्या वर्षी एक डॉक्टरीणबाई निळी, बुटकी, दोन दारांची गाडी घेऊन आल्या. दातांच्या डॉक्टर. पन्नाशी उलटलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी अवाजवी केल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. आधीच्या मालकानं इंजिनात उंच डोक्याचे पिस्टन घालून दाब वाढवला होता, त्यामुळे गाडी चांगलीच तिखट झाली होती. घाटातल्या चढाच्या शर्यतीत बाईंना उतरायचं होतं.

"काका, मी त्यात सगळ्यात भारीतलं पेट्रोल घालते. अठ्ठ्याण्णव ऑक्टेन. जितका आकडा मोठा तितकी ताकद जास्त, बरोबर ना?"

"नाही हो," कानसेन हसला. "ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, पेट्रोलचा धीर. पिस्टन वर येतो तसं आतलं पेट्रोल आणि हवा दाबली जातात, तापतात. ठिणगी पडेपर्यंत त्यानं दम धरायचा असतो. हलकं पेट्रोल उतावळं असतं. ते ठिणगीची वाट बघत नाही, कोपऱ्यात आपलं आपण भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यात हातोडा बसतो. तुमच्या इंजिनात दाब जास्त, म्हणून धीराचं पेट्रोल हवं. पण गरजेपेक्षा जास्त धीर ओतून गाडी काही उडायला लागत नाही."

"मग किती हवा?"

"ते ऐकून ठरवायचं."

अडचण अशी होती की घाटाखालच्या गावातल्या पंपावर अठ्ठ्याण्णव मिळत नव्हतं, पंचाण्णव मिळायचं. म्हणून कानसेननं टाकी रिकामी केली, पंचाण्णव भरलं आणि ठिणगीची वेळ कानानं जुळवली. ठिणगी जितकी लवकर तितकी गाडी चपळ, आणि फार लवकर झाली की हातोडा सुरू. या दोन्हींमधली बारीक रेघ शोधण्यातच त्याचा जन्म गेला होता. त्यानं गाडी पळवून पाहिली. काही वाजलं नाही. त्यानं ठिणगी अजून थोडी पुढे, म्हणजे आणखी लवकर, घेतली. तरीही नाही. मनात म्हणाला, काय गुणाचं इंजिन आहे!

दोन-तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. गाडी तापतेय म्हणाल्या. कानसेननं रेडिएटर धुतला, पंखा तपासला, पाण्याचा पंप बघितला. सगळं ठीक. रविवारी गाडी बाईंच्या घरी पोचवायची होती आणि त्याच रस्त्यावर बायकोच्या बहिणीचं घर. तेव्हा बायकोही शेजारी बसली, मांडीवर बहिणीसाठी शिवलेली उशी घेऊन.

नदीवरच्या पुलाचा चढ लागला. कानसेननं गाडी दामटली.

"अहो, हे काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"डब्यात वाळू हलवल्यासारखं. किर्रर्र... टिकटिक... ऐका ना."

"तुझ्या बांगड्या आहेत त्या."

बायकोनं बांगड्या उतरवल्या, पर्समध्ये टाकल्या आणि पर्सची चेन लावली. "आता परत जा त्या चढावर."

तो पुलापलीकडून वळून आला, परत चढला. तिनं हात वर केला. "हे बघा. आत्ता."

त्याला इंजिनाची भरदार घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या घरघरीवर काहीही नव्हतं. तो तिसऱ्यांदा वळला. आवाज आला की ती त्याच्या गुडघ्यावर बोट आपटत होती, आणि चढाच्या मध्यापासून माथ्यापर्यंत ते बोट थांबलंच नाही.

बहिणीकडे उशी पोचली नाही. तो सरळ गॅरेजवर आला, इंजिन निवू दिलं आणि स्पार्क प्लग काढून उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके होते, आणि त्यांत एखाद-दुसरा चकाकणारा कण. पिस्टनचा धातू. गाडी तापत होती तीही त्या हातोड्यांमुळेच. अजून थोडे दिवस अशीच चालली असती तर पिस्टनला भोक पडलं असतं.

तो टायरच्या ढिगावर बसला. मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. दारावरची बेल वाजत नाही म्हणून त्यानं ती दोनदा बदलली होती. फोनवर मुलगी पुटपुटते म्हणून तिला ओरडला होता. गेल्या काही वर्षांत सगळीच इंजिनं त्याला गुणाची वाटायला लागली होती. खालचे, जाड आवाज शाबूत होते. वरचे, बारीक आवाज कधी निघून गेले ते त्याला सांगूनही गेले नव्हते. आयुष्यभर उघड्या कानांनी इंजिनांशेजारी उभं राहायचं ते काय फुकट?

"कानसेन म्हणे!" तो स्वतःशीच म्हणाला.

बायको पडद्याच्या कडेला टेकून उभी होती. "मला कधीचं ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती गंभीर राहण्याचा आटोकाट प्रयत्न करत होती. आधी ती फुटली, मग तो. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं किती हसण्याचं होतं हे तिनं विचारलं नाही. आत जाऊन तिनं चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना बोलावून प्लग दाखवला. आडवळणं घेतली नाहीत. "चूक माझी आहे. इंजिन वाजत होतं. काल पुलाच्या चढावर बायकोला लगेच ऐकू आलं, मला नाही. कान गेलेत. पिस्टन मी उघडून बघतो, खराब असला तर बदलून देतो. शर्यतीसाठी दुसरा माणूस सुचवतो."

बाईंनी प्लग फिरवून फिरवून पाहिला, दातातली कीड पाहावी तसा. "थांबा काका. गाडी इतके दिवस मी चालवतेय. काकूंना पुलावर पहिल्या फटक्यात ऐकू आलं, मग मला का नाही आलं?"

कानसेननं खांदे उडवले.

"ड्रिल!" बाईंनी कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं कानाशी ते किंचाळणारं ड्रिल. हल्ली ते खराब झालंय हे मला माझी नर्स सांगते. म्हणजे एक बहिरा जुळवतोय, दुसरी बहिरी पळवतेय आणि बिचारी गाडी बोंबलतेय!"

दुसऱ्या माणसाचा विषय तिथेच संपला.

पिस्टनची कड थोडी खरवडली गेली होती, एवढंच. त्यानं इंजिनाचं हेड उघडून सगळं साफ केलं, बसवलं. मग तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून इंजिनाच्या अंगाला बोल्टनं आवळलं, दुसऱ्या टोकाला रबरी पाईप जोडून तो गाडीच्या आत घेतला आणि कारखान्यात गोंगाट अडवायला घालतात तसल्या कानटोपात खोचला. बायकोनं तो घालून पाहिला, काढला आणि नाक मुरडलं. "कान सोलून निघतील." उरलेल्या सीटच्या मऊ कातड्याच्या गाद्या शिवून तिनं त्यात बसवल्या, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

एका सकाळी तिघं शहराबाहेरच्या लांब चढावर गेली. बाई चालवायला, बायको शेजारी कानटोप घालून, आणि कानसेन मागच्या सीटवर, जिथे माणूस नव्हे, फार तर पिशवी बसावी. आधी त्यानं मुद्दाम साधं एक्याण्णव घातलं होतं.

"कशासाठी?" बाई म्हणाल्या.

"आवाजाची ओळख व्हायला. चोर पाहिलेला बरा."

चढ लागून क्षणही झाला नसेल, बायको ओरडली, "थांबवा, थांबवा! फुटाणे फुटताहेत!"

एक्याण्णव बाद झालं. ते काढून पंचाण्णव भरलं. वाजलं, पण माथ्याजवळ, थोडंसं. कानसेन उतरला, बॉनेट उघडलं, ठिणगी केसभर मागे घेतली. पुन्हा चढ. बायकोचं बोट एकदा हललं. परत केसभर. पुन्हा चढ. या वेळी तिनं बोट नुसतं हवेत धरून ठेवलं, खालीच आणलं नाही. माथ्यावर पोचल्यावर म्हणाली, "आता नुसती लोणी घुसळल्यासारखी घरघर आहे. छान आहे हो. तुम्हाला रोज असंच ऐकू यायचं का?"

"हो," तो म्हणाला. "यायचं."

मग अठ्ठ्याण्णव घालून, ठिणगी पुढे घेऊन पाहिलं. गाडी वाजली नाही, आणि कणभर चपळही वाटली. बाईंचे डोळे चमकले. "काका, मी कॅन भरून घाटाखाली नेऊ शकते."

पूर्वीचा कानसेन हो म्हणाला असता. तो कणभर वेग हीच त्याची शान होती. आता तो मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसला होता आणि त्याला इंजिनाऐवजी बाईंचा विचार करता येत होता. "नेऊ शकता. पण मग गाडी कायम अठ्ठ्याण्णवचीच झाली. कधी आडगावात टाकी रिकामी झाली, हलकं भरावं लागलं, तर ती वाजणार आणि तुम्हाला कळणार नाही. तुम्हाला एका दिवसाची गाडी हवी की रोजची?"

बाईंनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "मला सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून कुठेही जायचंय," त्या म्हणाल्या. "पेट्रोलची चौकशी न करता."

"मग पंचाण्णव. आणि सुरक्षेसाठी ठिणगी अजून एक केस मागे."

शर्यतीच्या दिवशी उन्हानं रस्ता तापला होता. नवराबायको घाटाच्या दुसऱ्या वळणावर छत्री धरून उभी होती. निळी गाडी खालून आली, वळणात जराशी घसरली, सावरली आणि वर निघून गेली. कानसेननं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली, काही नाही. त्यानं कितीतरी वेळ कोंडलेला श्वास सोडला. बाई पहिल्या आल्या नाहीत, शेवटच्याही नाहीत. मधे कुठेतरी आल्या, आणि खाली उतरल्यावर जग जिंकल्यासारखं त्यांनी काकूंना मिठीत घेऊन उचललंच. "अगं बाई, खाली ठेवा!" काकू ओरडत होत्या आणि लाजेनं लाल झाल्या होत्या.

त्यानंतर कानसेननं कानांचं यंत्र घेतलं. पहिल्याच दिवशी घरात कर्कश चिवचिवाट ऐकून तो दचकला. "ही चिमणी कोणी बसवली दाराला?" भेटायला आलेली मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हीच." बोलणं, बेल, फोन, सगळं परत आलं. पण इंजिनाच्या गलक्यात ते यंत्र गोंधळायचं, सगळंच कालवून टाकायचं. तिथे बायकोचा कानच खरा. लोकांना त्यानं काही लपवलं नाही. गाडी घेऊन कोणी आलं की सांगायचा, "हात माझे, कान हिचे. चालत असेल तर ठेवा." दोघे-चौघे गेले दुसरीकडे. बाकीचे राहिले, आणि काही जण तर काकूंनाच विचारायला लागले की यात कुठलं पेट्रोल घालू. ती ठसक्यात सांगायची, "आधी ऐकू दे तर."

भांडणं वाढली, हेही खरं. "वाजलं" म्हणजे किती वाजलं, यावर चढाच्या माथ्यावर गाडी उभी करून दोघं हमरीतुमरीवर यायची. तिला फुटाणे, वाळू, पाऊस, गारा एवढेच शब्द होते, आणि त्याला तिच्या गारा आणि फुटाणे यांतला फरक शिकायला बराच काळ लागला. पण इतक्या वर्षांत पडद्याच्या दोन बाजूंना बसून दोघं जेवढी बोलली नव्हती, तेवढी आता एका चढावर बोलत होती.

परवा एक जुनी करडी गाडी त्यांनी चढावर नेली. पंचाण्णववर पहिल्याच खेपेला स्वच्छ निघाली. माथ्यावरून परत फिरताना त्यानं विचारलं, "काय गं, आता?" उत्तर आलं नाही. पाहिलं तर कानटोप तसाच डोक्यावर आणि बायको गाढ झोपलेली, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. खाली शहर दुपारच्या उन्हात पसरलं होतं. फाट्यावर डावीकडे गॅरेजचा जवळचा रस्ता होता. कानसेननं गाडी उजवीकडे, लांबच्या रस्त्याला घातली, आणि पायाचा भार जरासा कमी केला.