दुर्गाकाकूंची हरकत

दुर्गाकाकूंना सरकारने आयुष्यात एकदाच त्यांचं म्हणणं विचारलं. निवडणुकीचं सोडून बोलतोय; ते मत त्यांना जानरावकाका सांगत.

भातकुली रस्त्यावरच्या आमच्या गावाला अमरावती हळूहळू येऊन चिकटते आहे. पुढच्या वीस वर्षांत शहर कुठवर पसरावं याचा आराखडा निघाला, नकाशा ग्रामपंचायतीत टांगला आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. गावाने सबंध नकाशा काही पाहिला नाही. जो तो आपलं वावर शोधायचा. पिवळं दिसलं की चहा पाजायचा, हिरवं दिसलं की नकाशा काढणाऱ्याची अक्कल काढायचा. पिवळं म्हणजे प्लॉट पाडता येणार, हिरवं म्हणजे शेतीच करत बसायची.

काकूंच्या घरचं वावर पिवळं निघालं. जानरावकाकांनी हरकत घेतली की ते हिरवं करा, शेती टिकली पाहिजे. त्यांच्या मुलाने, शेखरने, पिवळंच राहू द्या म्हणून लिहून दिलं. काका आपली बाजू पारावर बसून मांडत, शेखर पानठेल्यावर उभा राहून. घरोघरी मातीच्या चुली, म्हणून कोणी मध्ये पडलं नाही. वावरात मात्र या काळात दोघंही दिसले नाहीत. तणाचं निंदण काकू करत होत्या. पूर्वीही त्याच करत.

सुनावणीला बापलेक एकाच मोटारसायकलवर अमरावतीला गेले, काकूंनी बांधलेला एकच डबा घेऊन. माझीही एक हरकत होती, रस्त्याची. तिचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. वावर एकच असल्यामुळे त्या दोघांना एकदमच पुढे बोलावलं. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी दोघांचं शांतपणे ऐकलं आणि कागद उलटला.

"सातबाऱ्यावर दुर्गाबाईंचं नाव आहे. त्या कुठे आहेत?"

"वावरात," दोघं म्हणाले. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

वावर काकूंना त्यांच्या वडिलांनी दिलेलं. गावाला हे ठाऊक होतं, घराच्या लक्षातून गेलं होतं. खातेदाराचं ऐकल्याशिवाय निर्णय नाही म्हटल्यावर शेखर परत गेला आणि आईला मागे बसवून घेऊन आला. काकूंच्या नखांत ओली माती होती. त्यांनी हात पदराखाली घेतले.

"मावशी, तुमचं म्हणणं काय?" मॅडमनी विचारलं.

"पिवळं झालं तं काय होते?"

"प्लॉट पडतील. घरं होतील."

"अन् हिरवं केलं तं?"

"शेती करायची."

"कोनं?"

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे पाहिलं. शेखरने मोबाइल काढला.

"हिरवं करा," काकू म्हणाल्या. "माह्या बापानं देल्लं वावर हाय, मले लय जीव हाय त्याचा. पन आता मले वाकवत नाई. उद्यापासून निंदाले हे दोघं जातीन, असं त्याच्यात लिवा."

"मावशी, आराखड्यात असं लिहिता येत नाही."

"मंग पिवळं लिवा."

हे म्हणताना डोळे पुसायला पदराखालचे हात त्यांना बाहेर काढावे लागले. मला तिथे बसवेना. पारावरचं काकांचं भाषण मी मान डोलावत ऐकलं होतं, आणि काकूंना मीही कधी विचारलं नव्हतं.

"जाईन मी," काका म्हणाले. शेखरने मोबाइल खिशात ठेवला. "जातो," तोही म्हणाला.

मॅडमनी लिहून घेतलं: खातेदाराच्या मते हिरवा पट्टा असावा. शेवटचा आराखडा अजून यायचा आहे. तो यायचा तेव्हा येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडून चाललो होतो. काका दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून पिकाच्या ओळीत वाकले होते, शेखर त्यांच्या पलीकडे. काकू धुऱ्याच्या बांधावर बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या. त्या वावरात त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

"शेखर," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ते गवत नोय बाबू, तूर हाय."