शनिवारचा फुटपाथ

लोक एकमेकांवर रागावतात, नशिबावर रागावतात. पनवेलच्या जमिनीवर रागावणारा माणूस मात्र मी एकच पाहिला, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. आणि खरं सांगतो, आमच्या जुन्या बाजारातले फुटपाथ पाहून ज्याचा पारा चढत नाही, तो माणूस गाडीतूनच फिरत असला पाहिजे. काकांनी उभी हयात नकाशे काढण्याची नोकरी केली होती. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात टेप आणि खडू असायचा. फुटपाथची पायरी मोजायची, आकडा तिच्यावरच लिहायचा आणि खाली शेरा मारायचा : ‘तेरा इंच. घोड्यांसाठी.’ एका उघड्या गटाराशी त्यांनी चक्क ‘सुस्वागतम्’ लिहिलं होतं. मासळीवाल्या मावशीची फुटपाथवरची पाटीही त्यांनी मोजली. मावशी म्हणाली, “काका, पाटी मी शनवारी उचलते तुमच्यासाठी. पन हा फुटपाथ कोन उचलनार?”

शनिवारी, कारण काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी प्रार्थनेलाही चालतच जायचं, वाहनात बसायचं नाही, फोन करायचा नाही, लिहायचंही नाही. त्यामुळे शनिवारी पाहिलेला प्रत्येक खड्डा ते डोक्यात साठवत आणि रविवारी सकाळी खडू घेऊन सूड उगवत. आम्ही हसायचो. पण सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. बरीचशी कुटुंबं केव्हाच इस्रायलला गेली होती आणि उरलेल्यांत जेमतेम दहा जण येत. काका धरून दहा. गुडघे गेले, हातात वॉकर आला, तरी शनिवार त्यांनी चुकवला नाही.

त्यांच्या अर्जांना कंटाळून एकदाचा फुटपाथला उतार झाला. पालिकेचे साहेब स्वतः फोटो काढायला आले. उतार छान होता, फक्त तो चढून तीन पावलं गेलं की समोर विजेचा भलामोठा डबा! डबा आणि भिंत यांच्यामधून मांजर जाईल, वॉकर नाही. साहेब शांतपणे म्हणाले, “उतार आमचा, डबा वीजवाल्यांचा.” काका कडाडले, “तिकडे उलव्याच्या शेजारी विमानं उतरवायला मैलभर जमीन सपाट करता, आणि इथे म्हाताऱ्याला तीन पावलं सपाट देता येत नाहीत?” साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्या घड्याळ बघण्याचा मला आजही संताप येतो.

पुढच्याच शनिवारी मी काकांबरोबर निघालो. डब्यापाशी रस्त्यावर उतरण्यावाचून इलाज नव्हता. काकांनी वॉकर खाली टेकवला आणि एका बाइकने तो फरफटत नेला. काका थोडक्यात वाचले, पण मटकन खाली बसले. मावशी बाइकवाल्यामागे ओरडत धावली, “म्हातारा मानूस दिसत नाय का रं तुला?” बाइकवाला केव्हाच पसार झाला होता. मला तर त्याच्यापेक्षा डबा बसवणाऱ्याची आणि उतार बांधणाऱ्याची गचांडी धरावीशी वाटत होती.

दोघांनी धरून आम्ही काकांना घरी आणलं. फोन चालणार नव्हता, म्हणून मीच सिनेगॉगमध्ये सांगायला पळालो. दाराशी पावलं वाजताच टोप्या घातलेली नऊ डोकी आशेने वळली. मी आत गेलो तरी ते नऊच राहिले.

परत आलो तेव्हा काका खुर्चीत बसून होते. “थांबलेत का रे?”

“थांबलेत, काका.”

त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “सांग त्यांना, आपापली प्रार्थना करून घ्या. आणि पुढच्या शनिवारी थांबू नका म्हणावं.”

मी तिथेच उभा राहिलो. ते आता कुणाला तरी चार शिव्या हासडतील, निदान माझ्यावर तरी डाफरतील, असं मला वाटत होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिची नीट घडी घातली.