बन्सीधर मास्तरचं वाकणं

तर बन्सीधर जिंतूरच्या डाक बंगल्यात निजाम सरकारच्या साहेबापुढं परीक्षेला उभा होता, इथवर काल गोष्ट आली होती. मामा व्यंकटराव बाहेर निंबाखाली, काचेच्या खिडकीसमोर बसलेले. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं. घात झाला तो तिथंच.

पण आधी बन्सीधर इंग्रजी शिकला कसा, ते ऐका. त्याच्या गावात, चारठाण्यात, दिनकरराव म्हणून एक गृहस्थ होते, हैदराबादेत कुण्या साहेबाच्या घरी राहून इंग्रजी उचललेले. पुस्तक नाही, पाटी नाही. देवळाच्या ओवरीत पोरं जमवायचे आणि शब्द अंगानं शिकवायचे. गाभाऱ्याचं दार ठेंगणं. त्यातून जाताना पाठ वाकते, ते ‘स्टूप’. बारवेच्या पायरीवर उकिडवं बसलं, की ‘स्क्वॉट’. ज्वारीत डुकराची चाहूल लागली आन् अंग चोरून दबलं, की ‘क्राऊच’. गुडघे टेकले, ‘नील’. देवापुढं लांब पडून दंडवत घातला, ‘प्रॉस्ट्रेट’. पाण्याला निघालेल्या बाया म्हणायच्या, “मास्तर शिकवायलाय का तालीम घ्यायलाय?” बाकीची पोरं लवकरच गुरांमागं गेली. टिकला एकटा बन्सीधर. पुढं दिनकरराव वारले, आन् त्यांची सारी इंग्रजी ह्या एकाच देहात उरली.

आता मामाचं. एका सालच्या दौऱ्यात अंमलदारानं व्यंकटरावांना चावडीपुढं उन्हात ओणवं उभं केलं होतं, सलाम पुरता खाली गेला नाही म्हणून. तेव्हापासून गावानं देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती : सारा भरू, नोकरी करू, पण सरकारच्या माणसापुढं कंबर लववणार नाही. बेलभंडाऱ्याला बन्सीधरचाही हात होता. पोरकं पोर, मामानंच वाढवलेलं. गावात सरकारी मदरसा, म्हणजे शाळा, निघणार, इंग्रजीचा मास्तर हवा, म्हणून मामाच त्याला गाडीत घालून घेऊन आले.

साहेबानं बसल्या बसल्या विचारलं, “स्टूप के माने?”

“झुकना.”

“क्राऊच?”

बन्सीधरची उर्दू तोकडी. “वो भी झुकना, हुजूर.”

“सब झुकनाच झुकना? फर्क बताओ.”

फरक बन्सीधरला पक्का ठाऊक होता, पण जिभेवर नव्हता, हाडात होता. मदरसा डोळ्यांपुढून निसटायला लागला. मग त्यानं धोतर सावरलं आन् शिकला तसं सांगितलं. वाकला. उकिडवा बसला. दबला. गुडघे टेकले. शेवटी टेबलापुढं सपशेल आडवा झाला. साहेब इतका हसला, की डोळे पुसत त्यानं कागदावर सही केली.

बन्सीधर हरखून बाहेर आला, तर निंबाखाली कुणी नव्हतं. गाडी गेली होती. तो चालत गावात पोचला, तवर बातमी पोचून शिळी झाली होती.

“मामा, इम्तिहान होतं ते,” तो दारात उभं राहून म्हणाला.

“इम्तिहान लोटांगण घालून देतेत व्हय?” मामा आतूनच बोलले. ओसरीवरची माणसं हसली. मामा हसले नाहीत, त्यांनी कवाड लावलं.

मदरसा निघाला. घंटा व्हायची, पोरं मात्र यायची नाहीत. बन्सीधर रिकाम्या खोलीत बसून राही. बायको चतुराबाई बारवेवर गेली, की बाया घागरी उचलून वर येत. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, गावानं गूळ वाटला. बन्सीधरच्या दारापुढून ताट तसंच पुढं गेलं. पोरांविना मदरसाही बंद झाला. त्या सालात माणूस असा वाळला, की सदरा खुंटीला टांगल्यागत दिसायचा.

शेवटी व्यंकटराव थकले, आन् मायेला पाझर फुटला. पारावर साऱ्यांदेखत त्याला बोलावून म्हणाले, “बन्सी, एकडाव सांग बाबा. त्या दिवशी तू काय करायलता? सांग, आमी ऐकायला बसलोत.”

बन्सीधर ताठ उभा होता. म्हणाला, “मामा, ते सांगता येत न्हाई, करूनच दाखवावं लागतं. आन् आता तुमच्यापुढं वाकलो, तर तुमी म्हणताल, ह्याला सवयच हाय.”