बाई पडल्यात

फोनवर नाव विजूचं होतं, म्हणून मी नेहमीसारखीच सुरुवात केली, "काय गं, आज कुठवर?" पळून झालं की ती रोज सकाळी मला फोन करायची आणि मी चहा गाळता गाळता तिची फुशारकी ऐकायची. पण पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "ताई, मी तानाजी बोलतोय, दूधवाला. बाई पडल्यात हितं... पारावर." मला हसूच आलं. म्हटलं, "पडल्यात तर पडू द्या की. दमली असंल. उठंल आपोआप." मागं बायकांचा गलका चालला होता, बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं... मग तो म्हणाला, "तसं न्हवं ताई. बाई गार पडल्यात." चहाची गाळणी माझ्या हातात तशीच राहिली.

याला आता काही आठवडे झाले. विजया आणि मी एकाच शाळेत होतो. ती गणित शिकवायची, मी मराठी. डॉक्टरनं साखर काठावर आलीय असं सांगितलं आणि ही बाई पंचेचाळिशीत पळायला लागली. चालायला नव्हे, पळायला! पंजाबी ड्रेस, डोक्याला लेकाची जुनी टोपी आणि पायात बूट. अख्खं कोल्हापूर सकाळी रंकाळ्याला चकरा मारतं. तिथं एकच दिवस आली आणि म्हणाली, "गोल गोल फिरायला मी काय गुऱ्हाळावरचा बैल हाय?" दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मला मागं बसवून तिनं थेट भोगावतीचा काठ गाठला. मी नको नको म्हणत होते, पण विजूला नाही म्हणायची सोय नव्हती. तिचा नवरा अरुणराव, भला माणूस, तोही कधी म्हणू शकला नाही.

तिच्यामुळं मी माझाच जिल्हा पाहिला, हे मात्र कबूल करायला हवं. ज्योतिबाच्या डोंगराची मागची बाजू, मसाई पठारावरची भाद्रपदातली फुलं, पन्हाळ्याच्या पायथ्याचे लाल मातीचे रस्ते. पण तिचा जीव होता तो नदीकाठच्या वाटेवर. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, का ते पुढं कळेल. वेशीत स्कूटर लावायची, दोन्ही बाजूंच्या उसातून पळायचं, मग टेकडीचा चढ. वर पोचलं की नदीची वळणं दिसतात आणि पार लांब दाजीपूरच्या बाजूचे डोंगर, एकामागं एक, निळे. मग उतरून बंधाऱ्यावरून पलीकडं जायचं, की उंबराचा पार. थंडीत सगळ्या खोऱ्यावर धुकं असायचं आणि त्यातून गुऱ्हाळाचा वास यायचा. असली सकाळ मी जन्मात पाहिली नव्हती.

सुरुवातीला गावानं आम्हांला वेड्यात काढलं. दोन बायका पळताना दिसल्या की हातातलं काम टाकून लोक विचारायचे, "कोण सिरीयस हाय काय बाई?" एक जण मोटरसायकल घेऊन बराच वेळ शेजारून आला. "बसा की, सोडतो." विजू धापा टाकत म्हणाली, "अहो, पळायलाच आलोय." "व्हय, पर जायचंय कुठं?" "कुठं न्हाय. फिरून परत हितंच." त्यानं आमच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला लाज वाटली. तोच हा तानाजी.

पळून झालं की विजूची एक ठरलेली सवय होती. पारावर बूट काढायचे, जोडून ठेवायचे, तोंडावर टोपी घ्यायची आणि सपशेल आडवं व्हायचं. "जरा पडते गं," म्हणायची. पहिल्यांदा ती अशी पडली तेव्हा मी खाली नदीवर तोंड धुवायला गेले होते. वरून बोंब ऐकू आली. धावत येते तर पाराभोवती ही गर्दी! कुणी घागरभर पाणी ओतलेलं, एक म्हातारी हिच्या नाकाला फोडलेला कांदा लावतेय, आणि तानाजी हातात चप्पल घेऊन, "हुंगवा, हुंगवा, फीट आलीया!" विजू चवताळून उठली. वर्गात ओरडायची तशी ओरडली, "अहो, मेले न्हाय मी! माणूस जरा पडला तर पडू द्या की!" मग सगळे जे हसायला लागले... आम्हांला दोन घरी चहा झाला त्या दिवशी.

तेव्हापासून ते गाव तिला जपायला लागलं. ती पारावर दिसली की हॉर्न बंद. नवखा कुणी असला तर त्याला दटावायचे, "बाई पडल्यात, गाडी हळू घ्या." उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून धडधडत यायचे, तेसुद्धा पारापाशी आवाज कमी करायचे. विजूला त्याचा केवढा अभिमान! "शाळेत माझं एक पोरगं ऐकत न्हाय, पर हे गाव बघ," म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा गेला आणि ती एकटी जायला लागली. त्या दिवशीही एकटीच गेली. पुढचं मी तिथल्या लोकांकडून ऐकलंय. बूट नेहमीसारखे जोडून ठेवलेले होते. तोंडावर टोपी होती. म्हणजे पारावर येईपर्यंत तिला स्वतःलाही काही कळलं नसावं... की कळलं होतं, म्हणून आडवी झाली? कोण सांगणार. तानाजी किटल्या घेऊन डेअरीकडं निघाला होता. तिला बघून त्यानं इंजिन बंद केलं आणि उतारावरून गाडी तशीच सोडली, आवाज नको म्हणून. ट्रॅक्टरवाल्यानं गाणं कमी केलं. धुणं घेऊन आलेल्या बायका बाईची झोप मोडायला नको म्हणून खालच्या अंगाला गेल्या. रिकाम्या किटल्या घेऊन तानाजी परत आला तेव्हा ऊन तिच्या पायावर आलं होतं. विजू उन्हात कधीच पडत नसे. तो गाडीवरून उतरला, लांबूनच दोन हाका मारल्या आणि मग टोपी बाजूला केली.

दवाखान्यात मी डॉक्टरांना सरळच विचारलं, "आधी आणली असती तर?" ते म्हणाले, "हृदय बंद पडलं होतं. केव्हा, ते सांगता येत नाही. वेळेत आणलं असतं तर प्रयत्न तरी करता आले असते." ते 'तरी' माझ्या डोक्यात घण घालत राहिलं. मला त्या गावाचा संताप आला. मग ट्रॅक्टरवाल्याचा, धुणं धुणाऱ्या बायकांचा. आणि खोटं कशाला लिहू, सगळ्यांत जास्त संताप विजूचा आला. कोण आली होती गं शहाणी? पहिल्यांदा त्यांनी बरोबरच केलं होतं की! पाणी मारलं होतं, कांदा लावला होता. त्या अडाणी गलक्यात तू वाचली असतीस. तूच त्यांना शिकवलंस गप्प राहायला.

तेराव्याला तानाजी दुधाची किटली घेऊन विजूच्या घरी आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसला. अरुणराव समोर खुर्चीत होते. तानाजी माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, पयल्या खेपंलाच हलवलं असतं तर?" अरुणरावांनी मान खाली घातली. नाही, काही उपयोग नव्हता, जागच्या जागी गेली ती, एवढं म्हटलं असतं तर तो माणूस सुटला असता. शब्द ओठावर आले होते. पण विजूनं उत्तर माहीत नसताना फळ्यावर कधी काही लिहिलं नाही. मी म्हणाले, "माहीत न्हाय तानाजी. डॉक्टरलाबी माहीत न्हाय." त्यानं मान हलवली. टॉवेलनं तोंड पुसलं. म्हणाला, "आमी कांदा आणला असता की ओ..." आणि मग तो लहान पोरासारखा रडला.

गेल्या आठवड्यात अरुणराव म्हणाले, एकदा ती जागा दाखवा. गेलो. धुकं नुकतंच निघत होतं, ऊस बराचसा तुटून गेला होता, त्यामुळं नदी लांबूनच दिसत होती. अरुणराव बंधाऱ्यावर जाऊन उभे राहिले. त्यांना एकट्याला राहू द्यावं म्हणून मी पारावर बसले. गुडघा ठणकत होता. चपला काढल्या, आडवी झाले, ऊन लागत होतं म्हणून पदर तोंडावर घेतला. तिला इथून काय ऐकू येत असेल, एवढंच मनात होतं. पाणी ऐकू येत होतं. उंबरावर पाखरं होती. एक मोटरसायकल येत होती, ती कचकन थांबली.

"ओ बाई! बाई, उठा!" कुणीतरी माझा खांदा गदागदा हलवला. पदर ओढला. बघते तर एक अनोळखी बाई, धुण्याची बादली वाटेतच सोडून आलेली, हात ओले, तोंड पांढरं पडलेलं. तिच्यामागं मोटरसायकलवाला धावत येत होता आणि लांबून अरुणरावही, कधी नव्हे ते पळत. "हितं आता कुणाला पडू देत न्हाई आमी," ती म्हणाली. "ऊसतोडीची माणसंबी दुपारी पडली तर उठवतोय. शिव्या देत्यात. देऊ देत."

पडू द्या की... विजूचंच वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ते गिळलं. "जागी हाय गं," मी म्हणाले, "जागी हाय." तरी मी उठून बसेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.