मामांची दुपारची मालिका

आमच्या मामांइतक्या मनापासून ती एक अमेरिकन मालिका पाहणारा माणूस खुद्द अमेरिकेतही झाला नसेल. असे आणखी चार निघाले असते, तर ती बिचारी वर्षाच्या आत बंद पडली नसती. मामा इस्लामपूरचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. इंग्रजी म्हणाल तर छावणीत कानावर पडलं तेवढंच. मामी मालिका लावायची तेव्हा ते मुद्दाम गोठ्यात जाऊन बसत. मामी गेल्यावर टीव्हीवर त्यांनी बातम्यांपलीकडे काही पाहिलं नाही.

मग ते सहा महिने लेकीकडे अमेरिकेला गेले. ही लेक म्हणजे आमची ताई. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीत बोलणं उरलं नव्हतं. मामी होती तोवर निरोप तिच्यामार्फत जात. नंतर दर रविवारी फोन व्हायचा. "बरी हायस न्हवं?" "हो आबा." "मंग ठेवतो." घड्याळ लावलं तर दहा सेकंद. नातू झाला म्हणून मामा गेले, एवढंच. ताई घरूनच काम करायची आणि दुपारी जेवताना ही मालिका लावायची. दोन दिवस मामा ताटाकडे बघून जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ह्यो टाय घातल्याला सारखा का वरडतुया?"

तिथून ते वाहवतच गेले. एक वाजायला पाच कमी असताना दाढी करून, बूट घालून ते कोचावर ताठ बसत. मालिकेतल्या दोन सख्ख्या भावांचं पटत नव्हतं, तर पहिल्याच आठवड्यात मामांनी निदान केलं, "बांधाचं भांडान हाय." ताई सांगून दमली, की आबा, त्यांना बांध नाही, औषधांची कंपनी आहे. "कंपनी जिमिनीवरच हुबी असंल का न्हाई? मोजणी आणा म्हनावं!" थोरल्याचं तिसरं लग्न लागलं त्या दिवशी मामा जेवले नाहीत. तिसरं होतं याचा राग नव्हता, नवरीच्या पाठीमागं तिचा मामा उभा नव्हता याचा होता. "मामाबिगर लागल्यालं लगीन टिकायचं न्हाई," ते म्हणाले, आणि खरोखरच ते पंधरा दिवसांत मोडलं. ताई म्हणते, त्या दिवशी ती कित्येक वर्षांनी आबांसमोर मोठ्यानं हसली.

परत आल्यावरही मालिका सुटली नाही. ताई दुपारी बघायची आणि तिच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या सकाळी, फोनवर सांगायची. दहा सेकंदांचा फोन रोजच्या अर्ध्या तासावर गेला. मामा तेच पुढं कट्ट्यावर सांगत, त्यामुळे आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्या अमेरिकन घराची भावकी तोंडपाठ झाली. एकजण तर धाकट्याच्या बाजूनं साक्ष द्यायलाही तयार होता.

आणि मालिका बंद पडली. बघणारं कुणी नव्हतं म्हणे. शेवटच्या भागात धाकट्याची पोरगी, बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलेली, बॅग घेऊन त्याच्या दारात उभी राहते, बेल वाजवते, आणि तिथंच सगळं संपतं. मला वाटलं, मामा चिडतील. ते गप्पच झाले. कट्ट्यावर जाईनात. फोन पुन्हा रविवारचा आणि दहा सेकंदांचा झाला. त्यांना काय टोचत होतं, हे आमच्या घरात कुणाला सांगायला नको होतं. लग्नानंतर ताईही अशीच बॅग घेऊन इस्लामपूरला आली होती. मामा पुढच्या सोप्यात बसून राहिले, दाराची कडी काढली नाही. मामीनं मागचं दार उघडून तिला आत घेतलं. त्यानंतर त्या दिवसाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

परवा सकाळी मामांनी मला बोलावून घेतलं. "लाव रं ताईला. आज रविवार न्हाई, तरी लाव."

फोन लागताच ते म्हणाले, "त्या बापानं दार उघडलं असंल."

"कशावरून, आबा?"

मामा म्हणाले, "उघडाय पायजे हुतं, बाई. माझं चुकलं."

मला मामांकडे बघवेना. ताई म्हणाली, "दिवाळीला येतो आबा, आम्ही तिघंही."

"या," मामा म्हणाले. "म्होरल्या दारानं या. मागलं उघडणारी आता न्हाई."